ग्रंथपालांची खोली, सत्तावीस अंश

उद्धव देशमाने लातूरला खुर्चीत बसून नांदेडच्या इमारती थंड करायचा. हे सांगितलं की लोक हसत, पण खरंच तसं होतं. कंपनीनं तिथल्या एका कॉलेजचे एसी, पंखे, दिवे सगळे एकमेकांना जोडले होते आणि त्यांची दोरी उद्धवच्या समोरच्या पडद्यावर होती. वर्ग रिकामा झाला की दिवे आपोआप बंद. माणसं यायच्या आधी खोली गार. कॉलेजला वीज पाव हिश्श्यानं कमी लागू लागली आणि उन्हाळ्यात पोरांचं घामाघूम होणंही थांबलं. उद्धवला हे काम मानवलं, कारण घरात जन्मभर त्यानं दुसरं केलं काय? लेक उर्वी एका खोलीतून दुसरीत गेली की हा मागून बटणं बंद करत फिरायचा.

त्याच उर्वीनं आपल्या मनानं लग्न केलं, तेव्हा "या घराचा उंबरा चढू नको" असं तो बोलून गेला. ती खरंच चढली नाही. बाप तापट, आणि लेकही त्याचीच. मग आधी कोण बोलणार? नांदेडच्या त्याच कॉलेजात ती ग्रंथपाल झाल्याचं लोह्याच्या मावशीकडून कळलं, आणि पडद्यावरची 'ग्रंथपाल' नावाची खोली उद्धवसाठी इतर खोल्यांसारखी राहिली नाही.

सकाळी अकराला तिथं हिरवा ठिपका लागायचा, म्हणजे खोलीत माणूस आलं. दोन मिनिटांत चोवीसचे सत्तावीस व्हायचे. ओळख पटायला तेवढं पुरे होतं. उर्वी चैत्रातही गोधडी ओढून झोपणारी. लहानपणी दुपारी बाप पाचवर पंखा लावून झोपला की ही चवड्यांवर यायची आणि दोनवर करून जायची. हा जागाच असायचा, पण डोळे मिटून पडून राहायचा.

महिनाभर पाहिल्यावर त्यानं त्या खोलीला कायमचं ठरवून दिलं: अकराला पाच कमी असताना सत्तावीस. सत्तावीसवर वीज कमी लागते, असं साहेबांना सांगितलं. खोटं नव्हतं, साहेबांनी कौतुकही केलं. पण त्या दिवसापासून लेकीला भिंतीवरच्या बटणाला हात लावायची गरज उरली नाही, आणि बापाला तिचा हात दिसेनासा झाला. हिरवा ठिपका तेवढा राहिला. लेक आली, लेक जेवायला गेली, लेक घरी गेली. त्यावर त्यानं तीन वर्षं काढली. तिचा फोन नंबर खिशातच होता. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही म्हणतात, ते या माणसाला बघूनच म्हणत असावेत.

यंदा फाल्गुनात एके सकाळी त्या खोलीचा आकडा एकवीसवर आला. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच.

उद्धवला वाटलं, ही उर्वी नव्हे. तिच्या खुर्चीत दुसरं कुणी बसतंय. पोरगी कुठं गेली देव जाणे. आता तिला शोधायचं तर कुठं, आणि कोणत्या तोंडानं? त्या रात्री त्यानं भाकरीला हात लावला नाही. गोदावरीनं ताटाकडं पाहिलं, आणि त्यानं बायकोला पहिल्यांदाच सगळं सांगितलं.

तिला आधी रागच आला. "तीन वर्षं रोज लेकीला बघून राहिले, अन् मला एका शब्दानं बोलले न्हाईत?"

"आता काय बोलायचं. ती गेली तिथून."

सत्तावीसचे एकवीस किती दिवसांपासून, ते गोदावरीनं विचारून घेतलं. मग म्हणाली, "उर्वीच्या वेळी मला दिवस गेले, तवा मी माघात अंगणात झोपत होते. आठवतंय का? तुम्ही गोधडी टाकायचे, मी लाथेनं काढायची."

उद्धवनं पुढचं ताट बाजूला सारलं.

"दुसरं कुणी न्हाई ते. तीच हाय." तिनं उठून पेटी उघडली आणि हिरवा खण काढला. पहिलटकरणीला, बातमी चारचौघांत जायच्या आधी, माहेरानं गुपचूप द्यायची ती चोरचोळी. "मी एकटी जाणार न्हाई. सांगून ठेवते."

"अन् तसं काही नसलं तर?"

"तर लेकीला खण दिला म्हणायचं."

अहमदपूर, लोहा करत एसटी दुपारी नांदेडला पोचली. ग्रंथपालांच्या खोलीचं दार उद्धवनं ढकललं. उर्वी टेबलामागून उठली आणि तशीच उभी राहिली. घामानं भिजलेल्या उद्धवला आतला गारठा बोचला आणि त्यानं खांदे आवळले. उर्वीच्या ते लक्षात आलं. तिचा हात भिंतीवरच्या बटणाकडं गेला.

"राहू दे," उद्धव म्हणाला. "तुला उकडतं ना."

तिचा हात तिथंच थांबला. "तुम्हाला कुणी सांगितलं, आप्पा? आमच्या दोघांशिवाय कुणालाच ठाऊक न्हाई."

"सत्तावीसचे एकवीस केलेस तू."

ती बटणाकडं बघत राहिली, मग बापाकडं. "मी यायच्या आधीच रोज सत्तावीस असायचं. ते तुम्ही करत होता?"

त्यानं मान हलवली.

"अन् मला वाटायचं, मशीन लई शहाणं हाय."

"मशीन शहाणंच हाय," उद्धव म्हणाला. "मला तेवढी अक्कल उशिरा आली."

उर्वी रडू लागली आणि गोदावरीनं तिला जवळ घेऊन पिशवीतला खण काढला. बटण एकवीसवरच राहिलं. उद्धव समोरच्या खुर्चीत कुडकुडत बसला, आणि उठावं असं त्याला मुळीच वाटेना.