वाढत्या अंगाचा इअरफोन

मित्रांनो, मी एक जुना इअरफोन आहे. असे सांगायची रीत आहे म्हणून सांगतो. खरे तर वापरून वापरून जुने व्हायचे सुख माझ्या वाट्याला आलेच नाही. माझ्या अंगावर साधा ओरखडाही नाही. मी जुना झालो तो कपाटात पडून. तुम्ही दुकानातून आणता तसला, रबरी टोकाचा, कोणाच्याही कानात शिरणारा इअरफोन मी नव्हे. मी मापाचा आहे. एका मुलीच्या कानाचा ठसा घेऊन मला घडवले आहे. तुम्ही म्हणाल, वा, काय नशीब काढले! जरा थांबा, आधी ऐका.

ती मुलगी म्हणजे वर्षाराणी. बोईसरजवळच्या सालवडला चाळीतल्या दोन खोल्यांच्या घरात राहायची, आठवीत शिकायची. तिचे वडील भगवंत मूळचे परभणीकडचे. तारापूरच्या एमआयडीसीत एका कापड कारखान्यात ते यंत्रमागावर कामाला. आई साखरबाई घरी शिवणकाम करायची. धाकटी बहीण अर्चना, तिला सगळे अर्चू म्हणत. मागांच्या खडखडाटात वर्षानुवर्षे उभे राहून भगवंतांचे कान कामातून गेले होते. घरातला टीव्ही शेजारच्यांनाही ऐकू जायचा. त्यांना काही सांगायचे तर दोनदा सांगावे लागे, आणि तिसऱ्यांदा सांगायला कोणी धजत नसे.

वर्षाराणी गायची. घरात गायची, नळावर गायची, शाळेत तर गायचीच. एकदा शेजारच्या हळदीत ती गात होती, तेव्हा शिरगावच्या देवूने तिला ऐकले. देवूची बेंजो पार्टी आहे. लग्नसराईत किनाऱ्यावरच्या गावांतून त्याला फुरसत नसते. तो दुसऱ्याच दिवशी घरी आला.

"भगवंतभाव, पोरीचा गला मस्त हाय," तो म्हणाला. "आमच्या गावात हलद हाय, तितं तिला गाऊ द्या. जमलं तं सीझनभर आमच्यात. पन आमच्या ढोलापुढं तिला सोताचा आवाज ऐकू येनार नाय. कानात कीबोर्डचा सूर लागल. साधा रबरवाला इअरफोन आना, तेवढा चालल."

त्या दिवशी वर्षाराणी जेवली नाही, इतका तिला आनंद झाला होता. तिला दुसरे काहीच नको होते. नवा मोबाइल नको, नवा ड्रेस नको. देवूच्या स्टेजवर उभे राहून गायचे, एवढेच हवे होते. मित्रांनो, हे नीट लक्षात ठेवा, कारण माझ्या जन्माने नेमके तेच हिरावून घेतले.

"साधा न्हाई," भगवंत म्हणाले. "माझे कान गेले. लेकराचे जाऊ द्यायचे न्हाईत. मापाचा घिऊ."

कारखान्यात कामगारांसाठी आवाज अडवायचे मापाचे कानबोळे करायला मेहुल नावाचा एक माणूस यायचा. त्याचे बोईसरला दुकान होते. भगवंत सहकुटुंब तिथे गेले. मेहुलने वर्षाराणीच्या कानात डोकावून पाहिले आणि मान हलवली.

"भाऊ, अभी छोटी है," तो म्हणाला. "कान अजून वाढणार. आज बनवला तर दोन वर्षांत परत बनवायला लागेल. आता सॉफ्ट टिपवाला घ्या. मोठी झाली की या, मस्त बनवून देतो."

"परत परत कोण बनवणार?" भगवंत म्हणाले. "आताच जरा मोठा करा. वाढत्या अंगाचा."

मेहुल हसला. "हा काय फ्रॉक आहे का?"

त्यावर साखरबाई बोलली, आणि तिच्या बोलण्यात तिळमात्र खोट नव्हती. मुलींचे सगळे कपडे ती असेच शिवायची. शिवणीत भरपूर माया सोडायची, म्हणजे जादा कापड आत दुमडून ठेवायची. मूल वाढले की शिवण उसवायची आणि फ्रॉक मोठा करायची. चपला घेतानाही एक नंबर मोठा आणि पुढे कापूस. या घरात आजच्या मापाची वस्तू घेणे म्हणजे उधळपट्टी होती.

"आज जरा ढगळ वाटंल," ती म्हणाली. "वर्षभरात अंगाबरोबर बसतं सगळं."

मेहुलला सगळे कळत होते. म्हणून त्याचा मला सर्वांत जास्त राग येतो. ज्याला कळत नाही त्याला काय बोलायचे? पण गिऱ्हाईक दारातून परत जाऊ नये म्हणून या गृहस्थाने खांदे उडवले आणि पिचकारी हातात घेतली. वर्षाराणीच्या एकेका कानात आधी बारीक बोळा बसवला, मग मऊ गार लगदा भरला. "तोंड उघडू नको," म्हणाला. लगदा घट्ट झाल्यावर अलगद ओढून काढला. तो तिच्या कानाचा हुबेहूब ठसा होता. मित्रांनो, मी तसाच घडलो असतो तरी माझे थोडेफार दिवस चांगले गेले असते. पण मेहुलने त्या ठशावर मेणाचा एक थर चढवला, वर आणखी एक चढवला, आणि त्या फुगवलेल्या मापावरून मला करून घेतले. म्हणजे जन्मतःच मी तिच्या कानाचा नव्हतो. तिच्या आईवडिलांनी मनात धरलेल्या एका कानाचा होतो, आणि तो कान कुठेच नव्हता.

दिसायला मात्र मी देखणा. जांभळा, चकचकीत, आत चांदीसारखी चमक. घरी आलो तेव्हा साखरबाईने मला देवापुढे ठेवून हळदकुंकू वाहिले. चाळीतल्या बायका बघायला आल्या. "आमच्या वर्षीचा हाय, मापाचा," असे भगवंत प्रत्येकाला सांगत होते, आणि ऐकू कमी येत असल्याने मोठ्याने सांगत होते. माझे आयुष्यातले सगळे कौतुक त्या एका दिवसात आटोपले.

मग वर्षाराणीने मला कानात घातले.

ढगळ फ्रॉक अंगावर लोंबतो, त्याने कोणाला इजा होत नाही. ढगळ इअरफोन लोंबत नाही, तो रुततो. मी टणक आणि तिचा कान कोवळा. मी आत पूर्ण जाईना आणि बाहेरही नीट राहीना. आतल्या वळणाशी माझी कड तिला टोचत होती, आणि बाजूच्या फटीतून बाहेरचा गोंगाट आत येत होता. तो झाकायला ती आवाज वाढवायची. कान वाचावेत म्हणून मला घेतले होते ना? मग बघा.

"पप्पा, दुखतंय," ती म्हणाली.

"आं?"

"दुखतंय!"

"नवी चप्पल चावतीच," भगवंत म्हणाले. "आठ दिवसांत सवय व्हईल."

चार दिवसांनी ती पुन्हा म्हणाली. तेव्हा साखरबाईने खोबरेल तेल कोमट करून कानात घातले. त्याने मी आणखी बुळबुळीत झालो आणि आतली कातडी आणखी हुळहुळी झाली. शेवटी वर्षाराणीने वर्गातल्या मैत्रिणीकडून तिचा साधा, रबरी टोकाचा इअरफोन मागून आणला आणि त्यावर सराव केला. काय गायली ती त्या दिवशी! मी डबीत पडून ऐकत होतो. मला हेवा वाटला आणि बरेही वाटले. तेवढ्यात भगवंत कामावरून आले. त्यांना गाणे ऐकू आले नाही. त्यांना तिच्या कानातली ती काळी वायर तेवढी दिसली.

"येवढा करून घेतला तुझ्यासाठी, आन तू ह्यो लोकाचा घालतीस?" ते म्हणाले. ते रागावले नव्हते, त्यांना लागले होते. ते रागावले असते तर ती भांडली असती. बापाचा उतरलेला चेहरा बघून तिने मैत्रिणीचा इअरफोन परत केला आणि पुन्हा दुखते म्हणून तोंडातून काढले नाही.

शिरगावच्या हळदीला मांडव भरला होता. भगवंत धुतलेला शर्ट घालून पुढच्या खुर्चीत बसले होते, शेजारी साखरबाई, तिच्या मांडीला टेकून नऊ वर्षांची अर्चू. ढोल सुरू झाला. वर्षाराणीचा उजवा कान आतून सुजला होता आणि मी त्या सुजेत कोंबलेला होतो. तरी पहिले गाणे तिने दात आवळून पार पाडले. लोकांनी टाळ्याही वाजवल्या. दुसऱ्या गाण्यात वरचा सूर होता. तो लावायला तिने तोंड मोठे उघडले. जबडा हलला की कानाची आतली वाटही हलते, मित्रांनो. मी आधीच धड बसलेलो नव्हतो. माझा उजवा तुकडा सटकला आणि तिच्या खांद्यावर लोंबू लागला.

एका कानात कीबोर्ड, दुसऱ्या कानात ढोल. तिचा सूर गेला. तिने शोधला, तो आणखी लांब गेला. मागे काही पोरे हसली. कोणी तरी तिच्यासारखाच आवाज काढून दाखवला. देवू भला माणूस, त्याने पुढे येऊन माइक घेतला आणि गाणे स्वतः पुरे केले. उतरताना तिला म्हणाला, "व्हतं असं, पोरी. फुडल्या वर्षी बगू." पुढल्या वर्षी त्याने बघितले नाही.

घरी परतताना मी भगवंतांच्या खिशात होतो. रिक्षात भगवंत साखरबाईला म्हणाले, "येवढा मापाचा दिला, तरी सूर लागंना. पोरीचा गळाच कच्चा हाय."

त्यांना वाटले, हळू बोललो. त्यांचे हळू म्हणजे सगळ्या रिक्षाला ऐकू गेले. वर्षाराणी बाहेर बघत राहिली. मला तोंड असते तर मी त्या खिशातून ओरडलो असतो.

दोन दिवसांनी तिला ताप भरला, कानातून पू आला. पालघरला कानाच्या डॉक्टरबाईंकडे नेले. त्यांनी कान तपासला, मला हातात घेतले, तिच्या कानाजवळ धरून बघितले.

"हा कोणाचा आहे?"

"हिचाच," साखरबाई म्हणाली.

"हिचा नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. मग भगवंतांना ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी सांगितले, "या वयात कान वाढतो, आतलं वळणही बदलतं. अगदी मापाचा केला असता तरी पुढे सैल झाला असता. आणि मोठा केलेला तर कधीच बसणार नाही. कान आपल्याला विचारून वाढत नाही. वाढ पुरी होईपर्यंत साधा, मऊ टोकाचा वापरायचा, आवाज कमी ठेवायचा. आणि पोर दुखतंय म्हणाली की काढायचा."

भगवंतांनी मान डोलावली. औषधाने कान बरा झाला. ऐकू यायला लागले. पण वर्षाराणी गायची थांबली, ती थांबलीच. भांडी घासतानाही कधी गुणगुणली नाही. "तुझा गळा चांगला होता, दोष इअरफोनचा होता," हे एवढे एक वाक्य तिला घरातल्या कोणी म्हटले असते तर? कोणी म्हटले नाही. साखरबाईने मला फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवले आणि म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. फुडं बसंल."

अशी चार वर्षे गेली. वर्षाराणी बारावीला गेली, शिकायला पालघरला जाऊ लागली. मध्ये एकदा भगवंतांनी मला काढून तिच्या कानाला लावायला सांगितले. बाहेरून मी आता सैल होतो आणि आत वळणाशी तसाच टोचत होतो. "नाही बसत," ती म्हणाली आणि मला टेबलावर ठेवून उठली. शिवण उसवून मला मोठे करता येत नाही की लहान करता येत नाही, हे तेव्हा तरी घराला कळायला हवे होते.

पण या घराचा दुसराही एक नियम आहे. थोरलीला झाले नाही की धाकटीला होते. वर्षाराणीचे फ्रॉक अर्चूने घातले, दप्तर अर्चूने वापरले, रेनकोटही तोच. अर्चू आता तेरा वर्षांची आहे आणि तीही गाते. या लग्नसराईत अर्चूला गायला बोलवायला देवू पुन्हा घरी आला. तो गेल्यावर भगवंतांनी कपाट उघडले.

"डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या व्हत्या?" साखरबाईने विचारले.

"ते वर्षीच्या कानाचं," भगवंत म्हणाले. "अर्चूचा कान येगळा. हिला बसंल."

वर्षाराणी तेव्हा कॉलेजात होती. भगवंतांनी स्वतःच्या हाताने, अगदी मायेने, मला अर्चूच्या कानात दाबले. तिचा कान तर बहिणीपेक्षाही अरुंद. मी अडकलो. तिची नस माझ्या अंगावर ठणठण उडत होती.

साखरबाई जवळ आली. "दुखतंय का गं?"

अर्चूने आईकडे बघितले, मग वडिलांकडे. चार वर्षांपूर्वी ती त्या मांडवात होती, त्या रिक्षात होती. दुखतंय म्हणणाऱ्या मुलीचे या घरात काय होते ते तिने पाहिले होते.

"नाय मम्मी," ती हसून म्हणाली. "छान बसलाय."

भगवंतांच्या डोळ्यांत पाणी आले. "बगितलं? वाया न्हाई गेला," ते म्हणाले. साखरबाईने पुन्हा विचारले नाही.

मित्रांनो, माझ्यासारखे शेवटी सांगतात की वस्तू जपा, त्यांना टाकू नका. मी सांगतो, मला जपू नका. मला फेकून द्या. तुम्ही वाढत्या वयाचे असाल तर माझ्यासारख्याच्या नादी लागू नका. कान पुरते वाढू द्या, तोवर साधा मऊ इअरफोन वापरा. ज्यांच्या घरात मूल आहे त्यांना एवढेच सांगतो, ते दुखत नाही म्हणाले तरी विश्वास ठेवू नका. उजेडात न्या आणि कान बघा. अर्चूचा उजवा कान आतून लाल झाला आहे. उद्या तिला शिरगावला गायचे आहे, आणि तिचा कान अजून कोणी बघितलेला नाही.