डाकार ते मोम्बासा, आठ तास

मी एक जुना पृथ्वीगोल आहे. मोम्बासाच्या जुन्या वस्तीत शेकुवेकाकांचे विमानतिकिटांचे दुकान आहे. तिथल्या फळीवर मी राहतो. मित्रांनो, माझा निळा रंग इतका उडाला आहे, की काही बेटे आता मलाही सापडत नाहीत.

एके काळी माझा फार मान होता. कुणी परदेशातून यायचे असले, की घरची माणसे आमच्याकडे येत. काका माझ्यावर दोन शहरांमध्ये दोरा ताणून अंतर मोजत आणि विमान किती तासांत येईल ते सांगत. त्या बेताने घरोघर भात चुलीवर चढे. पुढे समुद्राच्या खाऱ्या वाऱ्याने माझा आस गंजला आणि मी फिरेनासा झालो. "उद्या तेल घालू," असे काका वर्षभर म्हणत राहिले.

अशातच एका संध्याकाळी गलबते बांधणारे म्बवाना सुतार वारले. त्यांची मुलगी म्वानाआशा आफ्रिकेच्या पार पश्चिम टोकाला, डाकारला मासळीच्या कंपनीत होती. तिचा निरोप आला, "कंपनीचं विमान थेट मोम्बासाला येतंय. त्यातून मी उद्या सूर्य उगवताच निघते. बाबांचं तोंड पाहू द्या."

तिचा भाऊ फमाऊ धावतच दुकानात आला. "काका, वेळ अगदी नक्की सांगा. इमाम म्हणतात, सांगाल त्या वेळेपर्यंत थांबतो, पण बेभरवशावर मय्यत ताटकळत ठेवणार नाही."

"अरे, माझ्या दोऱ्यानं आजवर कुणाचा भात गार होऊ दिलाय का?"

"भात परत गरम होतो, काका."

काकांनी दोरा ताणला. सहा हजार सहाशे किलोमीटर, म्हणजे आठ तास. आम्ही स्वाहिली लोक तास सूर्योदयापासून मोजतो; आमचे आठ म्हणजे तुमचे दुपारचे दोन. त्यामुळे हिशेब किती सोपा वाटला! "सूर्योदयाला निघाली, की आठ वाजता हजर!"

सूर्य डाकारला आमच्यापेक्षा जवळजवळ चार तास उशिरा उगवतो, हे कुणाच्याच ध्यानात आले नाही. मी फिरत असतो तर कदाचित आले असते. कदाचित नसतेही.

दुसऱ्या दिवशी आठ वाजले, नऊ वाजले. फमाऊ तीनदा दुकानात येऊन गेला. दुपार कलल्यावरचा असरचा नमाज झाला आणि आता आणखी थांबता येणार नाही, अशी इमामांनी मान हलवली. माणसांनी ताटी खांद्यावर घेतली. विमान उतरले ते बाराला, सूर्य मावळताना.

म्वानाआशा सकाळी दुकानात आली. काकांची नजर वर होईना.

"पोरी, अंतर मी बरोबर मोजलं होतं गं."

"हो काका. पण मी निघाले, तेव्हा इथं माणसं कबर खणत असतील."

तिने हात लावून मला फिरवून पाहिले. मी करकरलो आणि बोटभर सरकलो. काका तोंड फिरवून रडले. त्यानंतर त्यांनी मला कधी हात लावला नाही.

मित्रांनो, दोष दोऱ्याचा, काकांचा की माझा, हे मला अजून ठरवता आलेले नाही. माझी एवढीच विनंती आहे. दूरच्या माणसाची वाट पाहाल, तेव्हा किलोमीटर मोजून थांबू नका. तिकडे उजाडले आहे का, तेही विचारा.