माहेरच्या नावाचं मत

बांगड्या भरताना बाईचा हात कासारणीच्या हातात असतो आणि डझनभर बांगड्या चढेपर्यंत तिला उठून जाता येत नाही. हुबळीच्या कमरीपेठेतल्या विमल कासारणीनं एवढ्याशा सोयीवर तीन महिने निवडणूक चालवली. हात चेपायचा, बांगडी सरकवायची आणि म्हणायचं, "अक्का, तुम्ही चौथी शिकलाय नव्हं? मग नाव लावा की यादीत." सदतीस सालची ही नवी सवलत होती. नावावर घरदार नसलं तरी लिहितावाचता येणाऱ्या बाईनं अर्ज केला, की तिला मत. त्यात गल्लीच्या तोंडावरचं दारूचं दुकान उठवीन म्हणणारा एक उमेदवार उभा होता. त्या दुकानानं कुणाचा नवरा खाल्ला होता, कुणाचा मुलगा. बायकांना दुसरं काही सांगावं लागलं नाही.

अर्जाला शाळेचा दाखला लागे. दाखला माहेरचा, म्हणून नावही माहेरचं. लग्नात तांदळात नवं नाव लिहायचं आणि जुनं टाकून द्यायचं ही आपली रीत. त्यामुळे यादीत चौतीस बायका अशा नावांनी बसल्या, की त्या नावांनी नवऱ्यानंही त्यांना कधी हाक मारली नव्हती. विमलनं एकेकीकडून नाव घोकून घेतलं. "तिथं सासरचं नाव घेऊ नका. दाखल्यावरचं सांगा." सांगून सांगून तिचा घसा बसला. बांगड्यांचं दुकान नवऱ्याच्या, रामचंद्रच्या अंगावर पडलं. भाकरी स्वतः थापायची वेळ आली की तो तवा जरा जोरात आपटे.

मतदानाच्या दिवशी ती सकाळपासून बायकांना घरातून काढून शाळेपर्यंत आणत होती. कुणाची सासू आडवी, कुणाचं पोर तापलेलं, कुणाला ऐन वेळी लाज. दुपारपर्यंत तेवीस जणी मत देऊन बाहेर पडल्या. आता रांगेत दहा उरल्या होत्या आणि त्यांच्या पुढे ती स्वतः. पायांचे तुकडे पडले होते.

"निम्म हेसरु?" टेबलामागच्या अधिकाऱ्यानं कानडीत नाव विचारलं.

"विमल रामचंद्र," ती म्हणाली.

लोका सांगे ब्रह्मज्ञान! अठरा वर्षांच्या सवयीची जीभ, त्यात दमलेली. ती आपल्या वाटेनं गेली.

अधिकाऱ्यानं यादी चाळली. तसं नाव नव्हतं. "चुकलं साहेब," विमल घाईनं म्हणाली, "सीता. सीता बाळकृष्ण."

बाजूला दुसऱ्या उमेदवाराचा माणूस बसला होता. मुकुंदराव, तिच्याच गल्लीतला. इतका वेळ पदराआडच्या बायका त्याला ओळखू येत नव्हत्या. ही ओळखू आली. "साहेब, मी हिच्या लग्नात जेवलोय. ही विमल. सीता कुठली काढली? हीच खोटी, तर हिनं आणलेल्या सगळ्याच खोट्या. मागच्या दहा जणींनाही थांबवा."

अधिकारी वाईट माणूस नव्हता, पण कायद्याला बांधलेला होता. "तुम्हाला सीता म्हणून ओळखणारं कुणी आणा. घरचं नको. पाचला दार बंद होईल."

विमल बाहेर पायरीवर बसली आणि रडली. राग मुकुंदरावाचा नव्हता, स्वतःचा होता. रांगेतून दोघी "चूल खोळंबली गं" म्हणत निघून गेल्या.

वडील वारले होते. माहेर लांब अळणावरला, जंगलाच्या कडेला. पण अख्ख्या हुबळीत तिला सीता म्हणणारी एकजण होती, तीही फक्त बाजाराच्या दिवशी. आज बाजार होता. विमल त्याच पायांनी उठली.

तानूबाई बाजाराच्या कोपऱ्यात पत्रावळीसाठी पळसाची पानं विकत बसली होती. अळणावरहून रेल्वेनं भारा घेऊन ती येई. ऐकल्याबरोबर तिनं भारा शेजारणीच्या गळ्यात घातला आणि पदर खोचला.

"ही आमच्या लाकडाच्या डेपोतल्या बाळकृष्णअण्णांची सीता," ती टेबलासमोर उभी राहून म्हणाली. "वढ्यात पडली तवा म्याच वर काढली की वो. केसाखाली खोक हाय. सीते, पदर सार." विमलनं पदर सारला. खोक होती. मुकुंदराव खाली बघत विड्याचं पान जुळवू लागला.

जबाबाखाली तानूबाईनं अंगठा उठवला. विमलनं मत दिलं आणि उरलेल्या आठ जणींनीही दिलं.

बाहेर आल्यावर तानूबाई काळा झालेला अंगठा न्याहाळत होती. "सीते, मला बी मत मिळंल का? आमच्याकडं बी हाय की दारूचं दुकान. माजा पोरगा आनंदा त्यातच गेला."

"तुला लिहायला येत नाही ना, तानू."

"एवढंच व्हय?"

विमलला घरी जायचं होतं. गरम पाण्यात पाय घालून कुणाशी न बोलता पडायचं होतं. चौतीस जणींत तिचा जीव मेटाकुटीला आला होता, आणि पस्तिसावीचं तोंड बघायची तिला खरंच इच्छा नव्हती. तिनं त्या अंगठ्याकडे पाहिलं. मग शाळेच्या ओसरीवर पडलेला खडूचा तुकडा उचलून ती खाली बसली, तानूबाईलाही बसवलं आणि बांगड्या भरताना धरते तसा तिचा हात धरला. खडू बोटांत देऊन फरशीवर 'ता' काढला.

"सोड गं, माजी गाडी जाईल."

"गाडीला वेळ आहे," विमल म्हणाली आणि हात सोडला नाही.