अर्ध्या ताण्यात थांबलेला धोटा

मी हातमागावरचा एक जुना धोटा आहे, चिंचेच्या लाकडाचा. मित्रांनो, ही गोष्ट आमच्या बुद्ध संवताच्या पंचवीसशे पासष्ट सालची, तुमच्या मोजणीने दोन हजार बावीसची. त्या वर्षी सरकारने गांजावरची बंदी उठवली आणि थायलंडच्या ईशान्येला, आमच्या इसानमधल्या गावात मिरचीच्या कुंड्यांशेजारी गांजाच्या कुंड्या दिसू लागल्या.

मला खमपुनच्या वडिलांनी कोरले, तेव्हा ती लहान होती. पोटात रेशमाची कांडी घेऊन मी ताण्याच्या उभ्या धाग्यांतून धावायचो, आणि पलीकडे तिचा तळवा मला झेलायला तयार असायचा. त्या तळव्यानेच मला गुळगुळीत केले. तिची थोरली बहीण बुआफान बाजारात ऐटीत सांगायची, "आमच्या पुनच्या कापडात गाठ शोधून दाखव, कोंबडी देते." तिची कोंबडी कुणीच नेली नाही.

त्या साली खमपुन लेकीच्या, पिम्चानच्या, लग्नासाठी विणत होती. नवरीने सासूला घरचे रेशीम द्यायचे असते. एका सकाळी तिने मला ताण्यात सोडले, पण पलीकडे हात आलाच नाही. ती उठून वर गेली आणि चटईवर आडवी झाली. मी अर्ध्यावरच राहिलो.

आमची घरे उंच खांबांवर असतात; माझा माग खाली खांबांमध्ये, आणि ती वर. फळ्यांच्या फटींतून मला सारे ऐकू येई.

"ताई, हात भिजलेल्या पोत्यासारखे झालेत. उचलवत नाहीत."

"आळस अंगात मुरला की असंच वाटतं," बुआफान म्हणायची. "लग्न तोंडावर आलंय. सासूला काय, ताणा नेऊन देणार?"

तालुक्याच्या रुग्णालयातल्या डॉक्टर ओराथाईंनी मनाचा आजार सांगितला, गोळ्या दिल्या. झोप आणि भूक पार गेली होती, म्हणून गांजाच्या तेलाची छोटी बाटलीही दिली. रोज जिभेखाली मोजके थेंब. खमपुन झोपू लागली, चिकट भाताचे दोन घास जास्त खाऊ लागली. पण खाली आली नाही. माझ्यावर कोळ्याने जाळे विणले. विणणारा तेवढा एकच उरला होता.

बुआफानला धीर नव्हता. "आपली आजी कोंबडीच्या रश्शात गांजाचं पान टाकायची, अन् आजोबा उठून नांगराला जायचे," असे म्हणत तिने थेंब दुप्पट केले. खमपुनला गरगरले, छाती धडधडली, दोन दिवस डोके वर उचलवेना. डॉक्टर घरी आल्या.

"काकू, थेंब वाढवून माणूस उठत नाही, उलट आडवा होतो. आता हे तेल बंद. हा थकवा त्या आजाराचाच आहे. गोळ्यांना वेळ द्या. आणि तिला आळशी म्हणू नका."

बुआफान खाली आली आणि मागापाशी बसून खांद्यावरच्या कापडाने डोळे पुसत राहिली. मग तिने ठरवले की बहिणीचा हरवलेला जीव हाक मारून परत बोलवायचा. आमच्याकडे त्यासाठी मनगटाला दोरा बांधतात. वर बायका जमल्या. दोरा कमी पडला, तेव्हा ती धावत खाली आली, मला धरले आणि माझा धागा तोडू लागली.

वरून, फळ्यांच्या फटीतून खमपुनचा आवाज आला, "ताई, तो नको. ताण जाईल."

किती दिवसांनी ती माझ्याविषयी बोलली होती. बुआफानचा हात तिथेच थांबला.

दुसऱ्या दिवशी खमपुन कठड्याला धरून उतरली. तिने जाळे पुसले आणि मला पुढे ढकलले. पलीकडे तिचा तळवा होता. एकच ओळ विणून ती दमली.

"एवढंच?" बुआफानच्या तोंडून निघाले. मग तिने बहिणीचा हात धरला. "पुरे आजला. चल, भात खाऊ."

लग्नाला ते रेशीम हातभर कमीच पडले. पिम्चानच्या सासूने ते खांद्यावर घेतले आणि अजून सणाला घेते. पिम्चानला आता मुलगी आहे. डॉक्टर ओराथाईंची बदली झाली. गांजाच्या कुंडीत मिरची लागली आहे. बुआफान गेल्या हिवाळ्यात गेली. तिच्या अंगावरचे शेवटचे कापड खमपुनने विणले, आणि त्यातही गाठ नव्हती.

खमपुन आजही कधी कधी दिवसच्या दिवस खाली येत नाही. मित्रांनो, तुमच्याही घरात कुणी असे अर्ध्यावर थांबलेले असेल. त्याचा धागा तोडू नका. मी ताण्यातच पडून असतो, तिच्या तळव्याकडे तोंड करून.