आत घेतलेली पँट

"हात वर कर. आणि पोट आत ओढू नकोस, मला फसवतोस होय?"

धाकट्या भावाने मुकाट्याने हात वर केले. ताईने त्याच्या कमरेला टेप लावली, वाचली, पुन्हा लावली. कंबर चक्क उतरली होती.

डोक्यातल्या आवाजांसाठी गोळ्या सुरू झाल्यापासून ती त्याच्या पँटी उसवत आली होती. गोळ्यांनी आवाज गेले आणि भूक आली, तीही राक्षसासारखी. दरवेळी ती पट्टा मोठा करी, कापड संपलं की जोड देई. घराच्या पुढच्या खोलीत ती गिऱ्हाइकांचे कपडे शिवायची आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून तो बटणं लावायचा. माणूस मोठा सालस, पण फुगत चाललेला, आणि त्याचं पाहायला ही एकटी. शेवटी तिनेच मनावर घेतलं. गोड बंद, तळलेलं बंद, संध्याकाळी पुलापर्यंत फेरी. त्याचंच हे फळ, असं तिला वाटलं आणि ऊर भरून आला.

"आता मुली सांगून येतील हो याला," शेजारच्या मास्तरीणबाई दारातूनच म्हणाल्या.

तो हसला नाही. "ताई, पाणी."

"आत्ताच तांब्याभर प्यालास ना?"

"आत कुणीतरी बसलंय. सगळं तोच पितो."

आत कुणीतरी बसलंय, हे तिने पूर्वीही ऐकलं होतं. त्या वेळी घरातल्या सगळ्या काचा फुटल्या होत्या.

ती त्याला गल्लीतल्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. "सारखं पाणी पितो, रात्री सारखा लघवीला उठतो," तिने सांगितलं. डॉक्टरांनी गोळ्यांची पाकिटं पाहिली आणि तपासणीची नळी गळ्यातच राहू दिली. "हे डोक्याचं आहे. त्यांनाच दाखवा." डोक्याच्या डॉक्टरांनी आवाज येतात का, झोप लागते का, एवढं विचारलं आणि वजन उतरलं म्हणून शाबासकी दिली.

"पाण्याचं वेड लागतं अशा पेशंटना कधीकधी. जरा लक्ष ठेवा."

ताईने लक्ष ठेवलं. अर्धवट काम तिला माहीतच नव्हतं. स्वयंपाकघराला कुलूप लागलं.

"मी देईन तेव्हाच प्यायचं. कबूल?"

"कबूल," तो म्हणाला आणि कोरडे ओठ चाटत बटणं लावू लागला.

एकदा इस्त्रीआधी कपड्यांवर शिंपडायचं वाडग्यातलं पाणी पिताना तो सापडला. ती गल्लीला ऐकू जाईल इतकी ओरडली. त्यानंतर त्याने पाणी मागणंच सोडलं. वेड उतरलं म्हणून तिने सुटकेचा निःश्वास टाकला आणि त्याची पँट आणखी थोडी आत घेतली.

एका सकाळी तो उठेना. श्वास धापा टाकल्यासारखा चाललेला, डोळे अर्धवट उघडे. मास्तरीणबाईंनी रिक्षा आणली. इस्पितळात नर्सने त्याच्या बोटाला सुई टोचली, यंत्रातला आकडा पाहिला आणि डॉक्टरांना हाक मारली.

"यांची साखर कधी तपासली होती?" नर्सने विचारलं.

"साखर मी देतच नाही त्याला."

"रक्तातली हो, बाई. या गोळ्यांनी कित्येकांची वाढते. वरचेवर तपासायची असते. तहान त्यानेच लागते. वजनही त्यानेच उतरलं."

"कुणी सांगितलंच नाही मला."

नर्स रागावली नाही. रागावली असती तर ताईला बरं वाटलं असतं. अंगातलं पाणी आटून मूत्रपिंडंही बिघडली होती; ती वाचतील का, हे डॉक्टरांनाही सांगता येईना. ती पलंगाशी बसून राहिली. देवाकडे काय मागायचं, तेही तिला सुचेना.

दोन दिवसांनी तो शुद्धीवर आला. नर्सने उशी उंच केली आणि पाण्याचा पेला त्याच्या ओठांशी धरला.

"घोट घोट प्या."

त्याने तोंड मिटून घेतलं. नजर पेल्यावरून ताईकडे गेली.

"ताई, घेऊ?"

तिने मान डोलावली. तरी तो थांबून राहिला, ती तोंडाने हो म्हणेपर्यंत.