पंख्याची पाच भोकं

कोइमतूरच्या पीळमेडू भागात माणसाची पत त्याचा पंप पाणी किती उंच चढवतो यावर ठरते. त्या उंचीला तिथे ‘हेड’ म्हणतात, आणि सोयरीक जुळवतानाही त्याची चौकशी होते. नाचिमुत्तूच्या पंपांचं हेड दृष्ट लागण्यासारखं. त्याच्या बहिणीचा नवरा तंगवेल, कारखाना त्याचाही पंपांचाच, पण त्याचा पंप खुद्द त्याच्या घराच्या गच्चीवर पाणी पोचवत नव्हता. “पंप उत्तम आहे, गवंड्याने टाकीच उंच बांधली,” असं तो सांगायचा. दुसऱ्याचा पंप घरात घेणं म्हणजे नाक कापून घेणं. नवऱ्याचं नाक शाबूत राहावं म्हणून बहीण मयिलात्ता रोज जिन्याने घागरी वाहत होती.

नाचिमुत्तूला हे बघवत नव्हतं. भाचीचे कान टोचायचं ठरलं आणि त्याला वाट सापडली. मामाने त्या दिवशी वाजतगाजत आणलेला आहेर कुणाच्या बापाला नाकारता येत नाही. पुढे साडीचोळीची, केळ्या-नारळांची ताटं, मागे नादस्वरम, आणि त्यामागे हातगाडीवर चंदन-कुंकू लावलेला पंप, अशी वरात तंगवेलच्या दारात उभी राहिली. तंगवेलने हात जोडले. दुसरं करणार काय?

पंप होता तसाच आणला असता तरी टाकी भरली असती. पण नाचिमुत्तूला ती नुसती भरायची नव्हती, पाहुण्यांदेखत उतू घालवायची होती. पंपाच्या पोटात पाणी फेकणारा जो पंखा फिरतो, त्याला मागच्या बाजूने पाच बारीक भोकं असतात. मागे साचलेला दाब त्यांतून पुढे निसटतो, त्यात थोडं पाणी फुकट फिरतं आणि हेड जरासं घटतं. भोकं नसतील तर तोच दाब पंख्याला एकसारखा पुढे रेटतो आणि सगळा रेटा बेअरिंगच्या मानगुटीवर बसतो. हे त्याला वडिलांनी मिसरूड फुटण्याआधीच शिकवलं होतं. तरी आदल्या दिवशी त्याने स्वतःच्या हाताने पाचही भोकांत पितळी खुंट्या ठोकल्या. जेवणं उरकेपर्यंत चाललं तरी पुरे, नंतर गुपचूप काढून टाकू, असा हिशेब.

कान टोचून झाले, मामाच्या मांडीवर भाची रडून दमली, आणि पंप सुरू झाला. टाकी भरली, भरून वाहिली, गच्चीवरून अंगणात धार पडू लागली.

“काय दाजी, टाकी खाली उतरली वाटतं?” नाचिमुत्तूने सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं.

“उतरली खरी. आता पानावर बसा, मेहुणे. डाळभात निवतोय.”

भाताचं दुसरं वाढप चालू असताना पंप किंचाळला. जळक्या ग्रीसचा वास पंगतीभर पसरला आणि धार थांबली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

तंगवेल पाना घेऊन बसला. पाहुणे भोवती जमले. त्याने पंप उघडला, पंखा हातात घेऊन उलटा केला, एकदा मेहुण्याकडे पाहिलं. नाचिमुत्तूने मान खाली घातली. आता हा माणूस वर्षानुवर्षांचं उट्टं काढणार आणि उद्या गावभर हसं होणार.

“बेअरिंग सदोष निघालं,” तंगवेल मोठ्याने म्हणाला. “बाजारात हल्ली मालच तसा येतो. मेहुण्यांचा काय दोष?”

दुपारी अंगण रिकामं झाल्यावर त्याने खुंट्या ठोकून काढल्या, आपल्या कारखान्यातलं बेअरिंग बसवलं आणि पंप पुन्हा लावला. पाणी बिनबोभाट वर चढलं. टाकी काठोकाठ भरली, थेंबभरही सांडलं नाही.

मयिलात्ता जिन्याजवळच्या घागरी उचलून माळ्यावर टाकत होती. “अण्णा, एवढंच पुरे होतं रे मला,” ती म्हणाली.

नाचिमुत्तूला लाज वाटली. ज्या बहिणीसाठी हा खटाटोप, ती त्याला दिवसभरात एकदाही आठवली नव्हती.

निघताना तंगवेलने रिवाजाप्रमाणे विडासुपारीची पिशवी हातात दिली. नारळ, विड्याची पानं, आणि तळाशी पाच पितळी खुंट्या.

“मागचा दाब थोडा निसटू द्यावा, मेहुणे,” तो हळूच म्हणाला. “आज मीही दिला.”