भांड्यांवर घातलेलं नाव

डोंबिवलीत कुणी नुसतं "ठाण्याला चाललोय" म्हटलं, तरी ऐकणारा आधी त्याच्या डोळ्यांत निरखून बघायचा. वेड्यांचं इस्पितळ ठाण्याला. तेव्हा ठाण्याला जाणं म्हणजे डोकं फिरणं, असा लोकांचा सरळ समज. म्हणून गंगुबाईंनी शेजारी सांगितलं, "सुनेला घेऊन देवीला जातेय." सुनेलाही तेच सांगितलं.

टेंभी नाक्यावरच्या एका जिन्याशी सुनेने पाटी वाचली आणि ती पहिल्याच पायरीवर थबकली. मनोविकारतज्ज्ञ! म्हणजे आज आपल्याला इथेच ठेवून जाणार.

तिचा गुन्हा एवढाच, की हाक मारली तर ती ओ देत नसे. दूध उतू जाई, दारात पाहुणे ताटकळत. परवा तर बैलगाडी अंगावर आली; गंगुबाई "वासंती, वासंती" म्हणून कोकलताहेत आणि ही आपली ढिम्म! गाडीवानाने कासरा ओढला म्हणून वाचली. आधी वाटलं, कमी ऐकू येतं. मग बाहेरचं काही लागलं म्हणून अंगारेधुपारे झाले. शेवटी तिच्या नवऱ्याने, हरिहरने, हापिसात कुणाला तरी विचारून हे डॉक्टर कारखानीस शोधून काढले.

खोलीत ना साखळदंड, ना विजेचं यंत्र. नुसत्या खुर्च्या आणि पाण्याचा तांब्या. गंगुबाईंनी पाठ करून आणलेलं सुरू केलं, तसे डॉक्टर म्हणाले, "आई, तुम्ही जरा बाहेर बसा." गंगुबाई गेल्या, पण तोंड फुगवून.

सुनेने पदर पिळून पिळून त्याची दोरी केली होती.

"औषध फार कडू असतं का?" तिने विचारलं.

"औषध नाही. तुम्ही बोलायचं, मी ऐकायचं. इथलं बाहेर जाणार नाही. तुमच्या यजमानांनाही कळणार नाही."

"आणि मी बोललेच नाही तर?"

"तर दोघं गप्प बसू. पुढच्या बुधवारी पुन्हा या."

पुन्हा या! म्हणजे आज घरी जायचंय! तिला एकदम रडूच फुटलं.

"एक मात्र सांगून ठेवतो," डॉक्टर म्हणाले. "बोललं की लगेच हलकं वाटतं असं नाही. आधी जास्तच झोंबतं."

हा कसला डॉक्टर? देवऋषी निदान हातावर लिंबू तरी ठेवतो! खाली टांगेवाले भांडत होते. डॉक्टर खरंच गप्प बसले.

"नाव काय तुमचं?" शेवटी त्यांनीच विचारलं.

"वासंती." हात आपोआप गळ्याकडे गेला. "हा सवतीचा टाक. पहिली बायको गेलेली असली, की दुसरीने तिचा चांदीचा टाक गळ्यात घालायचा. म्हणजे ती त्रास देत नाही."

"तिचं नाव?"

"वासंती."

मग ती बोलतच सुटली. "लग्नात नाव बदलतातच हो. पण आमच्याकडे तेच ठेवलं. सासूबाई म्हणाल्या, जिभेला वळण आहे, आणि भांड्यांवरही तेच घातलंय. हाक आली की वाटतं, तिलाच मारताहेत. मी ओ कशी देऊ? वासंती ही, गळ्यातली. मी गोदा."

लग्न झाल्यापासून हे नाव तिच्या तोंडून आज पहिल्यांदा निघालं. फार झोंबलं.

"काय दिलं डॉक्टरांनी?" जिन्यात गंगुबाईंनी विचारलं.

"काही नाही. बुधवारी बोलावलंय."

"म्हणजे बरी नाहीच झालीस!"

गोदा आपल्याच तंद्रीत रस्त्यात उतरली. वळणावरून टांगा भरधाव आला.

"वासंती! अगं वासंती!"

ती चालतच राहिली. घोडा अगदी अंगावर आला.

"गोदे!"

ती झटकन मागे सरली. टांगा पदराला घासून गेला.

गंगुबाईंनी तिचं मनगट घट्ट धरलं होतं.

"माझं नाव ठाऊक होतं तुम्हाला?"

"ठाऊक नसायला काय झालं? पत्रिका मीच नव्हती का पाहिली?" गंगुबाईंचा आवाज चिरकला. "पण तुला गोदा म्हणायचं, म्हणजे माझी वासंती गेली असं होतं ना गं."

मनगट त्यांनी सोडलं नाही. थोडं चालून झाल्यावर, जिन्यावरच्या पाटीकडे मागे वळून बघत त्यांनी हळूच विचारलं,

"बुधवारी मलाही आत बसवतील का गं ते?"